भंडाऱ्याचे ताट

भंडाऱ्याचे ताट समोर आले तसे मल्हारीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

ताट धरणारा साहेबराव तिथेच थबकला. सकाळपासून खंडोबाच्या देवळात हेच चालले होते. एकेका घरातला कर्ता पुढे यायचा, बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा उचलायचा आणि देवाकडे तोंड करून म्हणायचा, की आमच्या घरातून सरपंचपदाचा अर्ज कुणी भरणार नाही. भंडारा उचलून दिलेला शब्द या गावात कुणी मोडत नाही. यंदा जागा बाईसाठी राखीव होती आणि गावपुढारी आप्पासाहेबांनी आपल्या सुनेचे, राजनंदिनीचे नाव परस्पर ठरवून टाकले होते. निवडणूक बिनविरोध व्हायची आणि पहिल्याच ग्रामसभेत गायरान देवाच्या नावावर करून तिथे सभामंडप उठायचा, त्याला लागून दुकानांचे गाळे. गाळे कुणाला मिळणार हे विचारायची गरज नव्हती. मेंढरांनी कुठे चरायचे, हे मात्र कुणी तोंडातून काढत नव्हते.

"उचल की रं," आप्पासाहेब म्हणाले.

"उचलत नाय."

आप्पासाहेब हसले. मल्हारी गावाला माहीत होता. मेंढरे भावावर सोपवून त्याने उमेदीची वर्षे शहरातल्या एका छापखान्यात पुस्तके शिवण्यात घालवली, आणि शिवता शिवता ती वाचायची खोड लावून घेतली. गावी परतला तो डोक्यात भलतेच घेऊन. देव माणसाने केला आणि सरकार त्याच माणसाच्या धाकट्या भावाने, असे तो पारावर बसून खुशाल सांगायचा. जन्मात कधी मत दिले नाही. पोरे त्याला 'बिनसरकारी' म्हणून हाक मारायची आणि तो ओ सुद्धा द्यायचा.

"अरे, तुला इलेक्शनच मान्य नाय," आप्पासाहेब समजुतीने म्हणाले. "तू कुणाला अर्ज भरायला लावणार नाय. मग भंडारा उचलायला तुझं काय जातंय?"

"म्हणूनच उचलत नाय. जे मी करणारच नव्हतो, ते करू नको म्हणून तुमी सांगायचं आन मी व्हय म्हणायचं? ह्याला हुकूम म्हणतेत, आप्पासाहेब."

"हुकूम माझा नाय. देवाचा हाय."

"मग देवाला बोलू द्या. तुमी कशाला मधी?"

देवळात चुळबुळ झाली. मागून कुणीतरी ओरडले, ह्याची मेंढरं हौदावर येऊ देऊ नका, म्हणजे उतरंल मस्ती. मल्हारीला भीती वाटली. चांगलीच वाटली. उन्हाळ्यात हौद बंद झाला तर कळप आठ दिवससुद्धा तगणार नव्हता. तरी हात पाठीमागेच राहिले.

आप्पासाहेबांनी मग त्याचा नाद सोडला आणि बायकांच्या बाजूला वळले.

"वहिनी, ह्याला तर कुणीच नाय, ना देव ना गाव. तुमचं तसं नाय. दर रविवारी उपास धरता. तुमी उचला आन घराची लाज राखा."

बानाबाई उठली. मल्हारीची बायको देवाच्या बाबतीत कशी आहे हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? एकदा तिने भंडारा उचलला की शपथ घराला बांधली जाणार आणि त्याचा सगळा ताठा जागच्या जागी फुकट जाणार. 'बस खाली' हे शब्द अगदी जिभेवर आले. पण कुणी कुणावर हुकूम चालवू नये, हे गेली कैक वर्षे तिला ऐकवणारा तोच होता. आज तरी तिने आपले ऐकावे असे त्याला मनापासून वाटत होते, म्हणून तर ते शब्द गिळणे फार जड गेले.

बानाबाईने पदर डोक्यावर सारखा केला. बेलाचे पान घेतले आणि भंडाऱ्याची चिमूट नाही, चांगली मूठ भरली.

"खंडेराया, तुझ्यासमोर सांगते. उद्या कन्नडला तहसिलीत जाऊन सरपंचाचा अर्ज मी भरीन. कुणी कायबी म्हणू दे, माघारी घेणार नाय. आन गायरानावर साधी खुंटी ठोकू देणार नाय." तिने मूठ वर उधळली. "येळकोट येळकोट जय मल्हार!"

"सदानंदाचा येळकोट!" सगळे देऊळ सवयीने गरजले, आणि मग आपण कशाला साथ दिली हे ध्यानात येऊन एकदम गप्प झाले.

"हे धरायचं नाय," आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या टोपीवर पिवळे शिंतोडे उडाले होते.

"भंडारा उचललाय तिनं," म्हातारी केसरबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "आता मोड म्हणून तिला सांगणार कोण? तुमी?"

आप्पासाहेबांनी साहेबरावाकडे पाहिले. साहेबराव ताटाकडे पाहत राहिला. पुढच्या घराचा माणूस काही पुढे आला नाही.

मल्हारी आणि बानाबाई वस्तीच्या वाटेला लागले. लढाई त्याची होती, आणि ती जिंकली कुणी, तर देवाने! हे त्याला पचत नव्हते.

"देवाला मधी कशाला घेतलंस?" तो म्हणाला.

"मधी त्यांनी घेतला. माझा हाय, मी माघारी आणला."

"आन आता त्या खुर्चीवर बसणार?"

"गायरान वाचलं की उठंन."

"समदे असंच म्हणतेत. बसलेलं माणूस उठत नाय, बाना. मी तुलाबी मत देणार नाय."

"नका देऊ."

ती चालता चालता थांबली. तिच्या हाताच्या रेघांत भंडारा भरला होता, तो तिने पुसला नव्हता. राग आला असेल असे मल्हारीला वाटले, पण तिचा चेहरा रागाचा नव्हता. तीही घाबरलेली होती.

"पण मी नाय उठले तर?" ती म्हणाली. "मला उठवायला पहिले तुमीच याल का?"

"शपथ घेत नसतो मी."

"शपथ कुठं मागितली? इचारलं."

"येईन," तो म्हणाला.