खारोबा परत येतो

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. डोंबिवलीतल्या एका वाचनालयात खिडकीजवळच्या कपाटात माझी जागा. तशी ती नावालाच, कारण माझा मुक्काम कपाटात कमी आणि मुलांच्या दप्तरात जास्त. मागचा आठवडा मात्र वाचनालय चालवणाऱ्या मीराकाकूंनी मला टेबलाच्या खणात ठेवलं होतं आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. का, ते सांगतो.

माझं नाव 'खारोबाची खाडी'. मिठागरात जन्मलेल्या मिठाच्या राक्षसाची ही गोष्ट. खारोबा डोंगराएवढा, पण बिचाऱ्याला रडायची सोय नाही. रडला की विरघळायचा. छापखान्यात माझी पानं शिवली तेव्हा मला पुष्कळ भावंडं होती. ती कुठे कुठे पांगली आणि मी इथे आलो. मीराकाकूंनी मला प्लास्टिकचं कव्हर घातलं, शिक्का मारला आणि मुलांच्या हवाली केलं.

मुलांनी काय हाल केले म्हणून सांगू! पानांवर भेळेचे डाग, समासात पेन्सिलीने 'सॉलिड', 'खारोबा आपला भाऊ' असले शेरे. मी कुरकुरायचो, पण आतून मला ते आवडायचं. दिव्याहून, आंबिवलीहून मुलं माझ्यासाठी यायची.

त्यांतली एक छोटी अक्षदा. तिचे वडील आनंदा आजारी होते, कामावर जाणं बंद झालेलं. दुपारी ते गॅलरीत टेकून बसायचे आणि मला वाचून दाखवायचे. दम लागला की थांबायचे. असे करत शेवटच्या पानावर आले आणि एकदम गप्प झाले. त्या पानावर खारोबा गाव वाचवतो, पहिल्यांदाच रडतो आणि विरघळून जातो. माझ्यात छापलेलं तेवढंच होतं.

"बाबा, पुढं?" अक्षदाने विचारलं.

आनंदांची नजर माझ्या ओळींवर होती, पण तोंडून निघालं ते माझ्यात कुठेच नव्हतं. त्यांचे आजोबा मिठागरात राबलेले. ते म्हणाले, "खारोबा पाण्यात गेला. पण मीठ कुठं जातंय गो? पाण्यातच ऱ्हातं. पुढच्या साली मिठागरात भरतीचं पाणी घेतलं, ऊन तापलं, नि खारोबा परत आला. हसत आला."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन मीराकाकूंकडे आले. शेवटचं पान फाडलेलं होतं. "मीराताई, मी फाडलं. मी सांगतो तसं लिहून लावा. पोरगी आता स्वतः वाचेल. तिला कळू देऊ नका." काकूंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि काही न विचारता लिहून घेतलं. त्याच वर्षी आनंदा गेले.

फाटकं पान दुसऱ्या प्रतीवरून हाताने उतरवून चिकटवायचं, ही वाचनालयाची जुनी रीत. त्यामुळे हे पानही तसंच उतरवलेलं, असं सगळ्यांनी धरलं. मुलं येत राहिली, मोठी होत राहिली आणि खारोबा परत येतो हे सगळ्यांना पाठ झालं. मला बोलता येत नाही. ते गुपित पोटात घेऊन मी घरोघर फिरलो.

आणि मग माझ्यावर पिक्चर आला. काय तो उत्साह! ही सगळी मोठी झालेली मंडळी कल्याणला घोळक्याने गेली आणि तणतणत वाचनालयात परत आली.

"खारोबाला शिंगं? शिंगं कुठून आली?"

"मिठागरात डान्स काय, फटाके काय! डोकं फिरलेलं माझं."

अक्षदाला शिंगांचं काही नव्हतं. ती थिएटरात रडलेली दिसत होती. तिने रागारागात व्हिडिओ टाकला. "शेवट बदललाय! यांनी पुस्तक तरी वाचलंय का? खारोबा परत येतो!" व्हिडिओ भराभर फिरला. मग ठाण्याच्या कमलेश नावाच्या मुलाने खाली लिहिलं, "ताई, पुस्तकातही तो विरघळतोच. तुम्ही नक्की वाचलंय ना?" लोक तिला हसायला लागले. तीही इरेला पेटली. "रविवारी वाचनालयात या, पान दाखवते."

म्हणून मी खणात होतो. मीराकाकू मला बाहेर काढायच्या, शेवटचं पान उघडायच्या, परत ठेवायच्या. अक्षदाला सांगावं तर आनंदांना दिलेला शब्द, न सांगावं तर पोरीचं चारचौघांत हसं. त्यांच्या बोटांची घालमेल मला कव्हरातून कळत होती.

रविवारी वाचनालय गच्च भरलं. कमलेश नवीकोरी प्रत घेऊन आला. वर पिक्चरचं चित्र, शिंगांसकट. माझंच धाकटं भावंड, पण ओळख दाखवायला तयार नाही. आम्हाला शेजारी ठेवलं. अक्षदाने फोन लाइव्ह केला. दोन्हीकडच्या ओळी जुळत गेल्या, शेवटच्या पानापर्यंत.

"हे तर हाताने लिहिलंय," कमलेश म्हणाला.

"पान फाटलेलं. उतरवून लावलंय."

"मग माझ्या प्रतीत का नाही?"

अक्षदाने मीराकाकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "ते तुझ्या बाबाने सांगितलं, मी लिहिलं. पानही त्यानेच फाडलं होतं. तुला कळू देऊ नका म्हणाला होता गं."

अक्षदा पानावर वाकली. तिचं बोट हळूहळू सरकत एका ओळीवर थांबलं, 'मीठ कुठं जातंय गो?' काकूंनी त्यांचा शब्द न् शब्द उतरवला होता. एवढी वर्षं वाचूनही तिला तो आवाज ओळखू आला नव्हता. आता आला. फोन तिला बंद करता आला असता. तिने डोळे पुसले आणि तो समोर धरला.

"चुकले मी. शेवट पिक्चरवाल्यांनी नाही बदलला. माझ्या बाबांनी बदललेला. माझ्यासाठी."

कुणी हसलं नाही. कमलेश चाचरत म्हणाला, "ताई, हे पान मी उतरवून घेऊ का?" त्याने तिथेच बसून ते लिहिलं आणि आपल्या कोऱ्या प्रतीत चिकटवलं. अक्षदानेही त्याच्या प्रतीतलं खरं पान लिहून माझ्यात लावलं, बाबांच्या पानाच्या आधी. आता माझ्यात खारोबा विरघळतो आणि पान उलटलं की परत येतो. शिंगांवरून मात्र भांडण अजून चालू आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना जपून हाताळा, पानं फाडू नका. आणि एखाद्या पुस्तकात कुणाच्या हातचं, वेगळ्या शाईचं पान दिसलं, तर खोटं म्हणून उपटून टाकू नका. आधी वाचा. कुणीतरी कुणासाठी तरी ते लावलेलं असतं.