मिरीची उचकी

मिरी दुसऱ्या तपासणीच्या तळावर आली तेव्हा पुडीकाका पाण्याच्या बादल्या मांडून वाटच पाहत होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत अशा प्रत्येक तळावर घोड्याची नाडी तपासतात आणि डॉक्टरांनी होकार दिला तरच पुढे सोडतात. काकांची मुलगी मिरीच्या खोगिरावरून उतरली, पट्टा सैल केला आणि म्हणाली, "बाबा, आज काय पळतेय ही. मलाच लगाम खेचून धरावा लागतोय."

काकांनी स्पंज बुडवून घोडीच्या मानेवर पाणी सोडलं. घाम सुकून तिच्या अंगावर पांढरे पट्टे उमटले होते. मान झाली, खांदा झाला, कुशीवर हात गेला आणि तिथेच थबकला. कातडीखाली काहीतरी ठकठकत होतं. बंद खोलीत अडकलेल्या माणसाने आतून दार वाजवावं तसं, एका लयीत.

शेजारी आपल्या घोड्याचे पाय भिजवणारा दाढीवाला स्वार हसला. "काका, तुमच्या लाडकीला उचकी लागलीय. कुणीतरी आठवण काढतंय."

"तूच काढत असशील," मुलगी म्हणाली. "पुढच्या टप्प्यात आमची पाठ बघायला लागेल म्हणून."

पण बोलता बोलता तिचीही नजर मिरीच्या कुशीवर गेली, आणि तिचा चेहरा उतरला. ही उचकी तिने ओळखली.

गेल्या हंगामात असंच झालं होतं. तेव्हा शर्यतीच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. घामातून क्षार वाहून जातात, रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि मग हृदयाच्या ठोक्यागणिक श्वासाचा पडदा उडायला लागतो. नुसत्या उचकीने घोडं दगावत नाही, पण ती पुढच्या संकटाची दवंडी असते. पोट बंद पडतं, स्नायू आखडतात, आणि वेळेत आवरलं नाही तर जनावर हातचं जातं. एवढ्या सगळ्यातून काकांनी एकच शब्द उचलून घरी आणला होता, कॅल्शियम.

जन्मभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायची सवय, त्यावरून नाव पडलं. गुडघे धरून येणाऱ्या बायका, गरोदर मुली, काठी टेकत येणारे म्हातारे, सगळ्यांना त्यांनी कॅल्शियम दिलं होतं. त्याने कुणाचं वाकडं झालेलं त्यांच्या तरी पाहण्यात नव्हतं. बायको गेली, दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं आणि ते मुलीकडे राहायला आले. मुलगी नोकरीवर गेली की तबेला त्यांचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की एरवी सुकं गवत द्या, कॅल्शियम भरपूर असलेला लसूणघास बेताने, आणि कॅल्शियम फक्त शर्यतीच्या दिवशी. काकांना हे काही केल्या पटेना. कमी पडतं म्हणायचं आणि वर देऊ नका म्हणायचं, हे कुठलं शास्त्र? मुलीची पाठ वळली की ते पुडी सोडून भुकटी कोंड्यात कालवत. मिरी घमेलं चाटून लख्ख करी. काकांना वाटे, चला, अजून आपला कुणाला तरी उपयोग आहे.

डॉक्टरीणबाई आल्या. एका हाताने स्टेथोस्कोप छातीला लावला, दुसरा हात कुशीवर ठेवला. ठोका आणि उचकी, दोन्ही एकदमच. त्यांनी हिरडी दाबून पाहिली, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पोटाला कान लावला.

"शर्यत इथेच थांबवू या," त्या म्हणाल्या.

मुलीने मान डोलावली. वर्षभर ती या दिवसासाठी पहाटे उठत होती. "मिरीचं सांगा."

"शिरेतून कॅल्शियम देते. अगदी हळू. घाई केली तर हृदयच बंद पडायचं." डॉक्टरीणबाई सुई लावता लावता थांबल्या. "पण इतक्या लवकर कसं झालं? ऊनही फार नाही. खाण्यात काही बदल केलात?"

"छे. तुम्ही सांगितलं तेच. बाबा स्वतः बघतात. त्यांच्या हातून चूक होणं शक्य नाही."

काकांनी बादलीकडे पाहिलं.

"मग आत दुसरंच काही बिघडलं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाडीत घालून इस्पितळात न्यावं लागेल. या अवस्थेत तिला प्रवास सोसेल की नाही, सांगता येत नाही."

"मी देत होतो," काका म्हणाले.

"काय?"

"कॅल्शियम. रोज. गेल्या खेपेपासून."

मुलगी वळली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, दमल्यासारख्या दिसल्या. "काका, कॅल्शियमचं कोठार हाडांत असतं. रोज घमेल्यातून आयतं मिळायला लागलं की शरीर ते कोठार उघडायचं विसरतं. आज घामाने सगळं वाहून गेलं, आणि तिला किल्लीच सापडेना."

"मला वाटलं, हाडं भक्कम होतील."

"हाडं भक्कमच आहेत. तीच तर पंचाईत आहे." त्यांनी सुई लावली. "गाडी नको मग. इथेच बघू."

काकांनी पुढे होऊन औषधाची बाटली उंच धरली. बाटली हळूहळू खाली यायला लागली आणि नळीला बाक पडला.

"द्या इकडे," मुलगी म्हणाली.

"मग मी काय करू?"

"काही करू नका, बाबा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

दाढीवाला आपल्या घोड्यावर बसून निघाला. 

काका मिरीच्या डोक्यापाशी उभे राहिले. थेंब पडत होते. कूस उडत होती, आधीपेक्षा कमी की तेवढीच, हे त्यांना कळेना, आणि विचारायचा धीर होईना. डॉक्टरीणबाईंचे डोळे मिटलेले, कानांत स्टेथोस्कोप. मुलीचा हात वर ताठ.

मग मिरीने मान खाली घातली, काकांच्या सदऱ्याचा खिसा हुंगला आणि जिभेने चाटायला लागली. सकाळची रिकामी पुडी अजून त्यातच होती. तिचं तोंड बाजूला करावं की तिच्या कपाळावर हात ठेवावा, हे काकांना ठरवता येईना. ते तसेच उभे राहिले, दोन्ही हात खाली सोडून.