महिपतीशेटची फाशी

शुक्रवार पेठेतल्या गणेश मंडळाने त्र्याहत्तर साली अभिरूप न्यायालय भरवायचे ठरवले. म्हणजे मांडवात खोटा खटला आणि खरी करमणूक. आरोपी, भेसळखोर व्यापारी. हे सोंग पेठेतला किराणा दुकानदार महिपतीलाच द्यावे, ही सूचना कुणाची ते पुढे कुणी कबूल केले नाही. महिपती मात्र हुरळून गेला. पोट घरचेच होते, फेटा तेवढा मागून आणला.

सरकारी वकील झाले जोतीराम मास्तर. वाचनालयातली वर्तमानपत्रे कोळून प्यालेला माणूस. त्यांना आवरणार कोण?

"न्यायमूर्ती महाराज, विलायतेत आता खुन्यालाही फाशी देत नाहीत. पण नायजेरियात दरोडेखोराला लोकांदेखत गोळ्या घालतात. रशियात सरकारी मालाचा मोठा अपहार केला, तरी गोळी! मग आमच्या ताटात खडे घालणाऱ्याला आपण काय द्यायचं?"

"फाशी!" मांडव दणाणला. महिपतीही हसला. तालमीत असेच ठरले होते.

तेवढ्यात बायकांतून दगडाबाई उठली. तिला कुणी सोंग दिलेले नव्हते.

"मास्तर, माजी बी साक्ष घ्या. परवाच्या तूरडाळीत लई खडे हुते. सासऱ्याचा दात पडला की माज्या!"

"अहो मावशी, ते पोत्यातच होते!" महिपती बोलून गेला.

म्हणजे खडे होतेच! मग कुणाला तेल आठवले, कुणाला गूळ. पुन्हा "फाशी!" झाली, पण या खेपेला कुणी हसत नव्हते. पुढे बसलेल्या जगदेवीने, महिपतीच्या बायकोने, मान खाली घातली. महिपतीला उद्याचे दुकान दिसले: फळ्या काढलेल्या, तराजू पुसलेला आणि पायरीवर चिटपाखरू नाही.

न्यायमूर्ती सिद्धप्पा कोर्टातले निवृत्त पट्टेवाले. त्यांना निकालाचे एकच वाक्य पाठ होते. ते खाकरले.

"आरोपीला मरेपर्यंत..."

"थांबा की वो!" दगडाबाई ओरडली. "ह्यो मेल्यावर माजी डाळ कोन बदलून देनार? तुमी? का ते रशियावालं?"

मांडवात हशा पिकला. सिद्धप्पांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर वर्तमानपत्रांची कात्रणे चाळू लागले.

"बरं तर," सिद्धप्पा म्हणाले, "आरोपीनं दुकानाच्या पायरीवर बसून डाळ निवडायची. दगडाबाईचं समाधान होईपर्यंत."

सकाळी महिपती सूप घेऊन पायरीवर बसला. समोर दगडाबाई, मांडी ठोकून. बघायला निम्मी पेठ लोटली. बघता बघता बायका मीठ-मिरची घेऊ लागल्या. आत जगदेवीला तराजूपासून हलायला सवड मिळेना. कुणी तर भलत्याच दुकानातली डाळ निवडायला आणून ठेवली.

दुपारी महिपतीने पाठ धरली. "मावशी, यापेक्षा फाशी परवडली असती."

"त्यो बगा, पांढरा ऱ्हायला," दगडाबाई म्हणाली. "हात चालवा, शेट."