दोन आठवडे आधी

फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, ते इंजेक्शनचं पेन — निळ्या टोपणाचं, खडूच्या पेटीपेक्षाही लहान — आणि वसुधा दूध काढायचं विसरून नुसती बघत राहिली. दर रविवारी नवऱ्याच्या, मधुसूदनरावांच्या पोटाला तीच टोचायची. आतलं औषध म्हणजे आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल. भूक मारतं, साखर उतरवतं, आणि... हो, पित्ताशयालाही सुस्त करू शकतं. हे तिला कुणी सांगायला नको होतं. लखनौला आल्यापासून वीस वर्षं ती संशोधन संस्थेत उंदरांची पित्ताशयंच तर तपासत आली होती!

तरीही. डॉक्टर म्हणाले होते, चार आठवडे लहानच डोस. तिने दोन आठवड्यांतच वाढवला, आणि पुढेही दर वेळी तसंच — त्यांना काय कळतंय, माझा विषय आहे हा — वर घरातलं तूप-तेल बंद. काय ही अक्कल! तुपाचा घास पोटात गेला की पित्ताशय आक्रसतं, पित्त ओततं, नाहीतर ते तिथेच साचून राहतं, त्याचे खडे बनतात. विद्यार्थ्यांकडून हे घोकून घेणारी बाई नवऱ्याला महिनोन्‌महिने उकडलेला दुधी वाढत होती. चौदा किलो उतरले तेव्हा इंदिरा नगरभर मिरवलीसुद्धा.

आणि आज सकाळी सोनोग्राफीत त्यांच्या पित्ताशयात खडे. परवा बरगडीखाली कळ आली, ते घामाने निथळत होते... तेव्हा आपण म्हणालो, गॅस असेल. आपण!

"वसू," मधुसूदनराव दारात उभे होते, नजर चुकवत. "रागावू नकोस. परवा चौकात ती दुधाच्या फेसाची मक्खन मलई खाल्ली मी. दोन द्रोण भरून. भैया म्हणाला, बाबूजी, हवा है हवा... त्यानेच झालं गं हे. तू एवढं जपतेस, आणि मी..."

कळ त्याने उठली असेल. खडे काही दोन द्रोण मलईने होत नाहीत. उद्या सर्जन विचारतील, डोस कसकसा वाढवला — आणि हे विश्वासाने आपल्याकडे बघतील. त्याआधी सांगायला हवं. आत्ताच.

"अहो..." ती म्हणाली. त्यांचे डोळे भरून आले होते. "जाऊ द्या हो. यापुढे नका खाऊ."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी तिचा हात हातात घेतला, थोपटला, म्हणाले, तू आहेस म्हणून निभावतंय. आणि लग्नाच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच वसुधाला या साध्या माणसाची भीती वाटली.