अकरावा नंबर

वीज कार्यालयात आराखडे करणाऱ्या साहेबांचा एकच लौकिक होता: माणूस सरळ. हा लौकिक त्यांनी इतका जपला, की दुसरं काही जपायला सवडच उरली नाही.

चौदा वस्त्यांना नवे ट्रान्सफॉर्मर मिळायचे होते. आधी कुठे, मागाहून कुठे, हे संध्याकाळच्या व्होल्टेजवरून ठरायचं. जिथे दिवा जास्त मिणमिणता, तिथलं काम आधी. साहेबांनी गणित मांडलं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईची, वस्ती दुसरी आली. ताईचं घर लाइनच्या पार टोकाला, शेवटच्या खांबावर. तिथे पोचेस्तोवर विजेचा जीव अर्धा झालेला असायचा.

साहेबांनी गणित तीनदा तपासलं. बरोबर होतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा आरेखक मान लांब करून म्हणाला, "दुसरा नंबर? ताईंचं माहेर भलतंच वजनदार दिसतंय, साहेब."

त्याच्या जिभेला हाड नव्हतंच. चेष्टा करून तो डबा खायला निघूनही गेला. साहेबांनी मात्र ताईची वस्ती उचलली आणि अकराव्या जागी ठेवली. का म्हणून कुणी विचारलं नाही, शाबासकीही कुणी दिली नाही.

भाऊजी तेव्हा ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले की व्होल्टेज घसरायचं आणि यंत्र गप्प व्हायचं. मग ताई फोन करायची.

"धाकट्या, आमचा नंबर कधी रे?"

"यादी वरूनच ठरून येते, ताई. माझ्या हातात काही नाही."

"बरं बरं. तू नको जिवाला लावून घेऊ."

सहाव्या वस्तीत खांब उभे राहत होते, त्याच आठवड्यात एका संध्याकाळी यंत्र बंद पडलं. राखीव सिलिंडर संपला होता, दुसरा वाटेत होता. तो पोचण्याआधी भाऊजी गेले.

ताईच्या वस्तीचा ट्रान्सफॉर्मर सुरू झाला, तेव्हा साहेब स्वतः मीटर घेऊन गेले. भाऊजींच्या खोलीतल्या प्लगला तारा लावल्या. दोनशे एकोणतीस व्होल्ट.

"चांगलं आहे?" ताईने विचारलं.

"उत्तम."

"यंत्र चाललं असतं एवढ्यावर?"

साहेबांना थाप मारता आली असती. पण सरळपणाची खोड नेमकी तेव्हा उफाळून आली.

"ताई, गणितात तुमची वस्ती दुसरी होती. मीच खाली नेली. लोक बोलतील म्हणून."

ताईने प्लगचं बटण बंद केलं.

"किती होते?"

"कोण?"

"बोलणारे."

"एक," साहेब म्हणाले.

ताईने पदराने उशीजवळचं, यंत्राचं रिकामं स्टूल पुसलं. त्यावर धूळ नव्हती.

"तुझ्या हातात काही नाही म्हणालास, त्यावर मी सगळे दिवस काढले रे. यांनाही तेच सांगायचे. मी म्हणायचे, धाकट्याच्या हातात असतं तर खांद्यावरून खांब आणले असते त्याने. हे हसायचे. हसताना धाप लागायची, तरी हसायचे."

साहेब मीटरच्या तारा गुंडाळत राहिले. गुंडाळल्या, सोडल्या, पुन्हा गुंडाळल्या.

ताई रडली नाही की रागावली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं. साहेबांना आयुष्यातला पहिला चहा तिनेच बशीत फुंकून पाजला होता. आता तिने आतून, पाहुण्याला विचारावं तसं, विचारलं, "साखर किती घालू?"