चार पायांपुरते पाणी

मित्रांनो, मी एक जुना इनॅमलचा टब आहे. रंगाने पांढरा, काठाला निळी रेघ. बुडाजवळ एका ठिकाणी कपची उडाली आहे, तिथून आतला काळा पत्रा दिसतो. मी जमिनीवर असतो आणि कायम वर बघतो. त्यामुळे मला माणसांचे चेहरे कमी आणि हनुवट्या जास्त माहीत आहेत. हनुवटीवरूनही पुष्कळ कळते. तळपायांवरून तर काही लपतच नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट पत्र्याला साच्यात दाबून मला खोलगट केले. मग काचेच्या भुकटीच्या पातळ लेपात बुडवून भट्टीत घातले. भट्टीतले मला फारसे आठवत नाही. लाल उजेड होता आणि आपण हळूहळू गुळगुळीत होत आहोत असे वाटत होते, एवढेच. बाहेर आल्यावर एका बाईने मला टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि "हा चांगला" म्हणून बाजूला ठेवले. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

ज्या घरी मी गेलो तिथे एक नवरा-बायको आणि त्यांची मुलगी राहत असत. गल्लीत नवरा-बायकोला मास्तर आणि सिस्टर म्हणत. मास्तरांनी शाळेत कधी कुणाला शिकवले नव्हते. ते कपडे शिवण्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कापडाचे थर एकावर एक रचायचे, खडूने रेघ मारायची आणि मोठ्या कात्रीने एका दमात कापायचे, हे त्यांचे काम. सिस्टर दवाखान्यात परिचारिका होत्या. दोघेही दिवसभर उभे. संध्याकाळी घरी आले की दोघेही इतके दमलेले असत की धड बोलणे होत नसे. सिस्टरने विचारायचे, कसा गेला दिवस? मास्तरांनी म्हणायचे, बरा. भाजी कशी झाली? बरी. तब्येत? बरी. सिस्टर म्हणायच्या की तुमचा हा 'बरा' म्हणजे मीठ आहे, कशातही घालता.

माझे काम साधे होते. सिस्टरचे पांढरे कपडे माझ्यात भिजत. साबणाचा फेस डोक्यावर घेऊन मी छताकडे बघत बसे. मला ते आवडत असे. फेसातून बघितले की छतावरचा दिवाही ढगासारखा दिसतो.

मग मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि घर एकदम मोठे झाले. त्याच सुमारास दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी परिचारिकांचा वर्ग घेतला. दुखणारा भाग तेवढा बघू नका, अख्खा माणूस बघा, असे त्यांचे सांगणे होते. त्याची झोप, त्याचा श्वास, त्याच्या घरात त्याच्याशी कोण बोलते. आणि आधी हे स्वतःच्या घरी करून बघा, असेही त्या म्हणाल्या. सिस्टरने घरी येऊन हे सांगितले तेव्हा त्या हसत होत्या. आमच्या घरी अख्खा माणूस सापडतोय कुठे, म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घासून पुसून लख्ख केले, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि मधे मला ठेवून माझ्यात गरम पाणी ओतले.

मी काही चार पायांसाठी बनलेलो नाही. मोठ्या माणसाचे दोन पाय माझ्यात नीट मावतात. चार ठेवायचे तर एकावर एक ठेवावे लागतात. गुडघ्याला गुडघे लागतात. मास्तर म्हणाले की आपण आळीपाळीने बसू. सिस्टर म्हणाल्या की नाही, मुद्दा तोच आहे.

"मी बोलेन तेव्हा सल्ला द्यायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "अगं मग असं कर, तसं कर, काही नाही."

"मग मी करू काय?"

"पाय ठेवा. आणि माझ्याबरोबर सावकाश श्वास घ्या."

सुरुवातीला नुसती गंमत होती. मास्तर श्वास घेत ते लोहाराच्या भात्यासारखा. कधी वर्तमानपत्र उघडून बसत, कधी पाय पाण्यात ठेवून चक्क घोरत. सिस्टर मात्र रोज बोलत. वॉर्डात आज कोण घरी गेले, कोण राहिले, कुणी जाताना मागे वळूनही बघितले नाही. मास्तर ऐकून म्हणत, बरं. पण हळूहळू वर्तमानपत्र बाजूला पडले. दोघांचे श्वास एका चालीत येऊ लागले. ते मला पाण्यातून कळे. पाणी किंचित वर यायचे, किंचित खाली जायचे, जसे झोपेत कुणाचे पोट हलते. माझ्यावरची वाफ सावकाश वर चढायची आणि दोघांच्या हनुवट्या धूसर व्हायच्या. अशा वेळी मलाही गुंगी यायची. मी टब आहे की तळे आहे, ते समजत नसे.

एका संध्याकाळी मला जाग आल्यासारखे झाले. पाण्यावर बारीक वर्तुळे उठत होती. खिडकी बंद होती, पंखा बंद होता, दोघांचे पाय स्थिर होते. मी वर बघितले. मास्तरांचा उजवा हात त्यांच्या मांडीवर होता आणि थरथरत होता. ती थरथर पायातून उतरून पाण्यात येत होती. मास्तरांनी डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला. वर्तुळे थांबली. थोड्या वेळाने पुन्हा उठली.

मित्रांनो, कापड कापणाऱ्याचा हात हलणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एक रेघ चुकली की सगळे थर वाया. मास्तर त्या दिवसांत कामावर सगळ्यांच्या आधी जाऊ लागले होते, म्हणजे सावकाश कापताना कुणी बघणार नाही. चहाचा कप ते सिस्टर स्वयंपाकघरात वळल्यावरच उचलत. अर्धे घर त्यांच्या हातावर चालले होते आणि तो हातच त्यांचे ऐकेनासा झाला होता. त्यांना वाटत होते की हे फक्त आपल्यालाच माहीत आहे.

सिस्टरने वर्तुळे बघितली होती. त्यांच्या तळपायाने ते मला सांगितले, कारण तो एकदम घट्ट झाला आणि मग मुद्दाम सैल झाला. त्यांना लगेच कळले असणार, त्यांचे कामच ते. त्या बोलल्या असत्या, चला डॉक्टरकडे, तर मास्तरांनी हात खिशात घातला असता आणि पुन्हा कधी माझ्याजवळ बसले नसते. सिस्टरने आपला पाय मास्तरांच्या पायावर ठेवला आणि श्वास घेत राहिल्या. त्यानंतरच्या कितीतरी संध्याकाळी हेच. वर्तुळे उठायची, पायावर पाय, आणि वॉर्डातल्या गोष्टी.

मग एकदा सिस्टर बोलता बोलता मधेच थांबल्या असताना मास्तर म्हणाले, "हात हलतो माझा."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"पाण्यानं."

मास्तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पूर्ण बघितला.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं होतं ते," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हीच सांगायचं होतं."

त्या दिवशी मास्तर इतके बोलले की दोनदा गरम पाणी ओतावे लागले.

पुढे डॉक्टरकडे जाणे झाले, औषधे झाली, हाताचे व्यायाम झाले. थरथर गेली नाही, थोडी मंदावली. कात्री सुटली. पण मालकाने त्यांना नव्या कारागिरांना शिकवायला ठेवून घेतले. सिस्टर म्हणाल्या, चला, इतक्या वर्षांनी खरे मास्तर झालात. ती आमची सुखाची वर्षे. सकाळी दोघे चालून येत, संध्याकाळी माझ्याजवळ बसत. सिस्टर त्यांच्या हाताला तेल चोळत. मास्तरही शिकले. सिस्टरच्या कोणत्या टाचेत कळ आहे, कोणत्या पायाची शीर दुपारनंतर टरारते, हे त्यांना न विचारता कळू लागले. आणि सिस्टरने वॉर्डातली मरणे, जी त्या आजवर 'राहिले' या एका शब्दात सांगत, ती नीट रडून सांगितली. मास्तरांनी सल्ला दिला नाही. शेजारच्या काकू एकदा चादरी भिजवायला मला मागायला आल्या, तर सिस्टर म्हणाल्या, बादली न्या हवी तर, टब मिळायचा नाही. एवढे कौतुक मला पुरले.

मग सिस्टर आजारी पडल्या. खुर्चीत बसवेना, तेव्हा मास्तर मला पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवत आणि त्यांचा एकेक पाय धूत. मास्तरांच्या हातून पाणी अंथरुणावर सांडे. सिस्टर म्हणत, सांडू द्या. शेवटी शेवटी त्या एवढेच बोलत.

त्या गेल्यावर मला गॅलरीत ठेवले. रद्दी माझ्यात आली, मग पावसाचे पाणी, मग एक मांजर. कपचीची जागा गंजू लागली. मांजर उबदार होते, पण ते बोलत नसे. आत फोन वाजायचा. मुलगी विचारायची आणि मास्तर म्हणायचे, बरं आहे. मुलगी काळजीत असणार हे मला गॅलरीत कळत होते. त्यांच्याशी रोज बोलूनही ती बाहेरच राहत होती.

शेवटी ती आली. तिने विचारले, बाबा, खरं सांगा. मास्तर म्हणाले, बरं आहे. ती ओले कपडे वाळत घालायला गॅलरीत आली आणि मला बघून थांबली. सुट्टीत घरी आली की आई-बाबांना माझ्याजवळ बसलेले तिने बघितले होते. मांजराला उठवले, मला घासले, आत नेले. दोन खुर्च्या मांडल्या, माझ्यात गरम पाणी ओतले आणि आईच्या खुर्चीत स्वतः बसली. मास्तर दारात उभे होते. सिस्टर गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलेले त्यांनी बघितले नव्हते. मला वाटले, ते परत फिरतील. पण ते आले, बसले, आणि पाय ठेवायला जागा नाही म्हणून त्यांनी तो मुलीच्या पायावर ठेवला.

ती श्वास घेत राहिली. पाणी वर आले, खाली गेले. खिडकीतला उजेड माझ्यात उतरला आणि भिंतीवर हलू लागला.

"मला करमत नाही गं," मास्तर म्हणाले.

माझ्याकडे चला, असे मुलगी म्हणाली नाही. तिने फक्त मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "मलाही नाही करमत, बाबा." आणि मग ती आपले सांगू लागली, आणि मास्तर ऐकू लागले.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. वापरून झाल्यावर मला कोरडे पुसून ठेवले तर आणखी काही वर्षे चालेन. गंज आरपार गेला की मला खुशाल भंगारात द्या, माझी तक्रार नाही. बादली आणा, घमेले आणा. पण दोन खुर्च्या समोरासमोर ठेवा. तुमचे माणूस बोलेपर्यंत थांबा. पाणी निवले तर निवू द्या, पाय काढू नका.