अंगात काय आलं?

तीनच्या खेळाला थिएटर गच्च भरलं होतं आणि सिनेमा विनोदी असूनही कुणी हसत नव्हतं. पुढच्या रांगेत तर हात जोडलेले. एक्केचाळिसावं मिनिट जवळ आलं तसं कुणीतरी ‘श्शू’ केलं. पडद्यावर रिकामी खोली, शांतता. मग भिंतीआडून यावा तसा एका बाईचा घुसमटलेला आवाज: “आलं... अंगात आलं एकदाचं!” त्याच क्षणी सगळ्यांच्या मानेवरून गार वारा गेला. सात-आठ किंकाळ्या उठल्या. एक गृहस्थ खुर्चीतच आडवे झाले. त्यांच्या बायकोने शेजारणीला अभिमानाने सांगितलं, “कालही इथंच पडले होते.”

हा सिनेमा माझ्या मुलाने काढला. सोसायटीच्या सभेला कोरम होत नाही म्हणून मेलेली सेक्रेटरी परत येते आणि सभासदांच्या मानगुटीवर बसून सह्या घेते, अशी गोष्ट. चित्रीकरण अठरा दिवस, आमच्याच घरात. ते अठरा दिवस मी जिन्यात जेवलो. भुताचं काम माझ्या मेहुणीने केलं. ती पाळणाघर चालवते, सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. पहिल्या आठवड्यात नातेवाईक आले आणि मध्यंतरात काढता पाय घेते झाले. दुसऱ्या आठवड्यात कुणाला तरी तो आवाज ऐकू आला, आणि तिसऱ्यात तिकीट मिळेना. कारण ते वाक्य मुलाने लिहिलेलंच नव्हतं. लोकांनी निकाल लावला: चित्रीकरणात खरंखुरं भूत मावशीच्या अंगात शिरलं.

पाठोपाठ कंपनगुरू आले. रोज खेळ संपला की पडद्यासमोर उभे राहून बोलत.

“विश्व म्हणजे कंपन! सिनेमा म्हणजे कंपन! आणि नीट ऐका, बाई काय म्हणाली? ‘आला’ नाही, ‘आली’ नाही. ‘आलं’! नपुंसकलिंग! म्हणजे कोण?”

“भूत!” सगळं थिएटर.

टाळ्यांचा कडकडाट. व्याकरणाला एवढ्या टाळ्या पडलेल्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

“आलं तर चहातलंही असतं,” मी घरी म्हणालो.

“तुम्ही गप्प बसा,” बायको म्हणाली. “माझ्या बहिणीकडची पोरं गेली, ते दिसतं का?”

गेली होती खरी. बारापैकी एकच उरली होती, साडेतीन वर्षांची चिमणी. तिची आई नर्स. “भुतासाठी आम्हाला रजा मिळत नाही,” म्हणून ती पोरीला सोडून कामावर पळायची. बाकीच्या पालकांचा निरोप एकच: भर थिएटरात गुरूंकडून शुद्धी करून घ्या, मग पाठवतो.

“घेते करून,” मेहुणी म्हणाली. “दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहीन.”

“म्हणजे भूत होतं, हे तू कबूल करणार?”

“भाऊजी, मी रोज सकाळी सवयीने बारा पेले काढते आणि अकरा परत ठेवते. तुमच्या तत्त्वाला म्हणावं, एक दिवस येऊन ते पेले ठेव.”

मी मुलाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

“तो आवाज कुठला रे?”

“माहीत नाही, बाबा,” तो म्हणाला. “आणि खरं सांगू? शोधायची घाईही नाही. पहिल्यांदाच हाऊसफुल्ल जातोय.”

रविवारी खेळ संपल्यावर मेहुणी पडद्यासमोरच्या मंचावर चढली. चिमणीला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तीही कडेवर. गुरूंनी डोळे मिटले, बोटं थरथरवली, “कंपन... वि-कंपन... निष्कंपन...” असं सुरू केलं. बाजूचं दार उघडं होतं, गार वारा येत होता. मेहुणीने डोळे मिटायच्या आधी पोरीला खाली उतरवलं आणि सवयीने म्हणाली, “जाकीट घाल गं, थंडी आहे.”

जाकीट गेल्या वर्षीचं. एक हात गेला, दुसरा अडकला. डोकं आत, मागून नुसतं हुं-हुं. गुरू ‘निष्कंपन’वर पोचले, थिएटर चिडीचूप झालं, आणि जाकिटाच्या आतून घुसमटलेला आवाज आला:

“आलं... मावशी, अंगात आलं!”

किंकाळ्या! गुरूंनी मंचावरून जी उडी मारली, ती थेट तिसऱ्या रांगेत. तिथूनच ओरडले, “या बालिकेतही शिरलं!”

चिमणीने डोकं बाहेर काढलं. एवढा आरडाओरडा कशाला ते तिला कळेना. “जाकीट,” ती म्हणाली. “जाकीट आलं.”

आधी कोण हसलं ठाऊक नाही. मेहुणी मात्र कपाळावर हात मारून माझ्या मुलाकडे वळली. “अरे गाढवा! भुताचं जाकीट! शिंप्याने बाहुलीच्या मापाचं शिवलं होतं. मी बाथरूममध्ये घुसून अंगात घालत होते, आणि तुम्ही बाहेरून ओरडलात, ‘आवाज नको, शांतता रेकॉर्ड करतोय!’”

मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याला उठून सांगावंच लागलं. सिनेमावाले रिकाम्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर वेगळी रेकॉर्ड करतात आणि मुक्या दृश्याखाली अंथरतात. या शांततेत बाथरूममधली मावशी होती. कापताना वाक्याची सुरुवात गेली, शेपूट राहिलं. घरच्या छोट्या स्पीकरवर ते ऐकूच येत नव्हतं. थिएटरच्या मोठ्या स्पीकरने बाहेर काढलं. त्याने वर प्रोजेक्टरच्या खोलीत जाऊन मूळ रेकॉर्डिंग लावलं: “मेलं जाकीट जाईना की... आलं... अंगात आलं एकदाचं!”

जाकीटही नपुंसकलिंगीच.

“आणि तो वारा?” गुरूंनी तिसऱ्या रांगेतून शेवटचा प्रयत्न केला.

थिएटरचा दरवान पुढे आला. “तो मी. जाहिराती धरून ते मिनिट बरोबर चारला येतं. चारला माझा चहा येतो, मी दार उघडतो.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“कुणी विचारलंच नाही.”

पुढच्या आठवड्यात सिनेमाला चौदा माणसं होती; ती मात्र हसायच्या जागी हसली. मुलगा मागच्या रांगेत बसून नुसता ऐकत होता. पाळणाघरात नऊ मुलं परत आली. उरलेल्या दोघांच्या पालकांचं म्हणणं, जाकीटच झपाटलेलं असणार. मेहुणी त्यांचे पेले अजून काढते.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं: वाक्य ऐकाल ते सुरुवातीपासून ऐका. मानेवर वारा आला तर आधी दार बघा, आणि दाराशी माणूस असेल तर त्याला विचारा. एवढं करूनही काही अंगात आलंच, तर ते आपल्या मापाचं आहे का, तेवढं पाहा.